रागाने उलथलेले मेज

मी एक जुने, गोल, बुटके जेवणाचे मेज आहे. जपानमधल्या क्योतोच्या एका सुताराने मला चेरीच्या लाकडातून घडवले; पण कुठल्याही घरी न जाता मी थेट चित्रपटांच्या स्टुडिओत आलो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत माझ्याभोवती कितीतरी खोटी कुटुंबे जेवायला बसली. रागीट बाप, गप्प आई, लग्नाची मुलगी. भात खरा असे, भांडण लिहिलेले.

मित्रांनो, एका हिवाळ्यात मात्र खरे भांडण झाले.

मित्सुयो नावाची नटी मुलीचे काम करत होती. तालीम चालू असतानाच तिचे खरे वडील तोकुझो सेटवर आले आणि बुटांसकट चटयांवर चढले. ते गावाकडे लाकडी पिंपे बनवत.

"ऊठ. रविवारी स्थळ येतंय बघायला."

मित्सुयो उठली नाही. तिने खालून माझा पाय घट्ट धरला होता. हे मलाच ठाऊक.

"बाबा, मी नाही येणार. मी एइकिचीशी लग्न करणार आहे."

"कोण, तो दिवेवाला? तुझ्या पोटाला काय घालेल तो, उजेड?"

कोणी हसले नाही. शिडीवर दिव्यापाशी उभा असलेला एइकिची पांढराफटक पडला.

"आईलाही तुम्ही कधी काही विचारलं नाहीत," मित्सुयो हळूच म्हणाली. "गप्प राहून राहूनच गेली ती."

तोकुझोंनी मला दोन्ही हातांनी उलथले. वाट्या फुटल्या, माझा एक पाय मोडला. वाटीचा एक तुकडा मित्सुयोच्या गालात रुतला. नटीचा गाल तो!

एइकिची धावत खाली उतरला. आता हा म्हाताऱ्यावर हात टाकणार, असेच सगळ्यांना वाटले. पण तो तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला, गालावर टॉवेल दाबला आणि मान न वळवता म्हणाला, "बाबा, जपून. तुकडे पडलेत तिथे, हाताला लागेल तुमच्या."

तोकुझोंनी बुटाने तुकडे एका बाजूला सारले. मग त्यांनी बूट काढून बाहेर ठेवले. मला सरळ केले, मोडक्या पायाच्या जागी स्वतःचा गुडघा लावला आणि बसले.

"चहा मिळेल का?" ते म्हणाले. "आणि तू रे, गुडघे टेकून काय राहिलास? बस की नीट."

गालावरचा व्रण गेला नाही. मित्सुयोला पुन्हा नायिकेचे काम मिळाले नाही. वसंतात तिचे एइकिचीशी लग्न झाले. वडील आले होते. पण लेकीच्या गालाकडे बघायचे टाळत होते, असे एइकिची सांगे.

आता मी गोदामात धूळ खात आहे. मित्रांनो, तुमच्या घरी जेवणाचे मेज असेल, तर ते पुसा, जपा. आणि त्याच्यापाशी बसून कोणी तुमच्या मनाविरुद्ध बोलले, तर हात उचलण्याआधी चहा मागा.