आतून न उघडणारं दार

मित्रांनो, पवनीला कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात, मागांची खटखट जिथे संपते तिथे एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली विटांवर टेकवलेली, रंग उडालेली, नाकाडाशी चपटी अशी एक गाडी तुम्हाला दिसेल. तिच्या टपावर कोंबड्या बसतात. ती गाडी म्हणजे मी. मला हसू नका. नऊ माणसं मांडीला मांडी न लावता बसतील एवढं माझं पोट मोठं होतं, आणि एके काळी मी रस्त्यानं निघाले की लोक सायकली थांबवून बघत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड मुलखात झाला. नाकाडोंगरीकडे खाणींची पाहणी करायला काही परदेशी साहेब आले, त्यांच्याबरोबर मी बोटीतून आले. साल बहात्तर असेल. काम संपल्यावर साहेब विमानानं गेले आणि मला तुमसरला एका गोदामात सोडून गेले. तिथे चार-पाच वर्षं मी भाताच्या कोंड्याची धूळ खात उभी होते. मला चालवायची कुणाची हिंमत होत नव्हती, कारण माझं सुकाणू डावीकडे आणि माणसं चढायचं सरकतं दार उजवीकडे. इथल्या रस्त्यांच्या हिशेबानं माझं सगळंच उलटं.

मला घरी आणलं ते सेवकरामनं. तो विणकर. वडिलांमागे घरातले माग त्यानं चालवले, पण धोतरं-लुगडी घेऊन बाजारोबाजार फिरायला गाडी असावी, रिकाम्या वेळी माणसं ने-आण करावी, असं त्याच्या मनानं घेतलं. मी दारात उभी राहिले तेव्हा शेजारचा टेकचंद म्हणाला, "सेवक, हे गाडी होय का डब्बा? अन् चालवणारा कंडक्टरच्या जागेवर बसून राहिला!"

सेवकराम म्हणाला, "तू पैदल ये गा. तुले जागा नाही."

सेवकरामची आई कौशल्याबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आता ह्या घरची झालीस व माय." ते बोल मी अजून जपून ठेवले आहेत.

कौशल्याबाईचे नेम कडक होते. पहाटे नदीवर स्नान, तुळशीला पाणी, आणि दर सोमवारी उपास व मौन. सकाळी डोळे उघडल्यापासून दिवेलागणी होईपर्यंत ती एक शब्द बोलत नसे. सून रुखमा तिच्या नुसत्या भुवईवरून ओळखायची की सासूला पाणी हवं की माळ. कौशल्याबाई लग्न होऊन या घरी आली तेव्हापासूनचं ते मौन होतं, कधी मोडलं नव्हतं.

आता माझ्या दुखण्यांविषयी सांगते. थंड मुलखातली असल्यामुळे माझ्या पोटात गरम वारा सोडायची सोय होती, आणि तीच नेमकी अडकून बसली होती. चैत्रात माणसं बसली की त्यांच्या पायांवर भट्टी लागल्यासारखी झळ यायची. "सेवकरामभाऊ, भाडं पुरं घेता आन् भाजून कायले काढता?" असं एका बाईनं विचारलं होतं. माझं दुखणं जाणणारा मिस्त्री आसपास नव्हता. माझ्याबरोबर एक पुस्तिका होती, पण तिची लिपी कुणाला येत नव्हती. सेवकराम तिच्यातली चित्रं बघायचा. मागाचा धागा शोधावा तशी त्यानं एकेक नळी बोटानं चाचपली, इंजिनाजवळ एक तोटी सापडली, ती आवळून तारेनं बांधून टाकली. गरम वारा बंद. त्या दिवशी मोहल्ल्यात चहा वाटला.

तेव्हापासून त्याला माझी गोडी लागली. विणकराची रीत अशी की एक धागा बिघडला की बाकीचा ताणा विसरायचा आणि तेवढा धागा सांधायचा. माझंही तो तसंच करायचा. माझ्या खिडक्यांच्या सरकत्या काचा कच्च्या रस्त्यावर खडखडत आणि धूळ आत येई. त्यानं फटींत कापसाचे पेळू, म्हणजे वळलेल्या गुंडाळ्या, ठासल्या, वरून सुतार भरतात ती लांबी भरली, काचा घट्ट. धूळ थांबली, आवाज थांबला. बाया म्हणाल्या, "आता लुगडं खराब नाही होत." गर्दीत माणसं पुढे सरकत आणि गिअरच्या दांड्यावर गुडघे आपटत. त्यानं त्याच्या सीटमागे लोखंडी जाळी ठोकून घेतली. लोक म्हणाले, "डोकं आहे बाप्पा या माणसाचं."

मग दाराची गोष्ट. माझं दार उजवीकडे, म्हणजे भर रस्त्याकडे उघडायचं. एकदा एका म्हाताऱ्यानं आतून दार ओढलं आणि तो खाली पाय टाकणार तोच एक ट्रक अंगाला वारा लावून गेला. म्हातारा वाचला, पण सेवकरामनं त्या दिवशी पुढचं एकही भाडं घेतलं नाही. त्या संध्याकाळी तो पुस्तिका घेऊन बसला. दाराच्या कडेला, नखाएवढी एक कळ होती. पुस्तिकेत तिच्या चित्राशेजारी लहान मूल काढलं होतं. त्यानं कळ खाली दाबून पाहिली. दार बाहेरूनच उघडे, आतून कितीही ओढा, हलत नसे. तो हसला. रुखमाला हाक मारून म्हणाला, "पाहा. आता कोणी रस्त्यावर नाही पडन. मीच उतरून दार उघडीन, पुजाऱ्यावानी."

पाहा मित्रांनो, यात वाईट काय होतं? प्रत्येक दुरुस्ती कुणाच्या तरी भल्यासाठी होती. विणून झालेलं कापड सेवकराम नेहमी उलटून पाहायचा, गाठ कुठे राहिली ते. माझी उलटी बाजू मात्र त्यानं पाहिली नाही. माझी उलटी बाजू म्हणजे आतली बाजू.

वैशाखातला सोमवार होता. अड्याळच्या पुढे एका गावात कौशल्याबाईच्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं. मोहल्ल्यातल्या बाया, रुखमा आणि मागच्या सीटच्या कोपऱ्यात तिच्या नेहमीच्या जागी कौशल्याबाई. पहाटेपासूनचा उपास, त्यात ऊन. माझ्या हेलकाव्यांनी तिचा डोळा लागला आणि ती हळूच सीटवर आडवी झाली. गावात पोहोचलो तेव्हा बँड वाजत होता. सेवकरामनं मला एका चिंचेच्या सावलीत उभं केलं, उतरून दार उघडलं. बाया साड्या सावरत, हसत उतरल्या. कुणीतरी आहेरांचं मोठं गाठोडं मागच्या सीटपुढे ठेवलं होतं, त्याच्याआड म्हातारी दिसली नाही; रुखमाला वाटलं, सासू बायांबरोबर उतरली. "उतरले का सगळे?" त्यानं विचारलं. "हाव, चला चला, वरात आली!" आणि त्यानं दार सरकवलं.

मला दार धरून ठेवता आलं असतं तर! पण गाडीला कुठले हात?

पंगत बसली. उपासाच्या माणसाला पंगतीला कोण बोलावतं? आणि मौनातल्या माणसाची चौकशी कोण करतं? "माय कुठी आहे?" असं सेवकरामनं एकदा विचारलंही. मंदाबाई नावाची शेजारीण पत्रावळ मांडता मांडता म्हणाली, "असन मंदिरात जप करून राहिली. सोमवार आहे ना. तुमी जेवा." आणि तो जेवायला बसला.

इकडे सावली सरकली. ऊन माझ्या पत्र्यावर आलं. कौशल्याबाईला जाग आली तेव्हा माझ्या पोटात तव्यासारखी धग होती. तिनं दाराची मूठ ओढली. दोन्ही हातांनी ओढली. मग काच सरकवायला गेली. पेळू आणि लांबी जागची हलेना. पुढे यायला पाहिलं तर जाळी. ती बसली, माळ हातात घेतली, ओठ हलू लागले. मग ओठ थांबले. आणि तिनं तोंड उघडून हाक मारली.

"सेवका!"

तिचा सोमवारचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिनं पुन्हा हाक मारली, बांगड्या काचेवर आपटल्या. बाहेर बँड वाजत होता. माझ्या काचा घट्ट होत्या. आवाज माझ्यातच फिरला आणि माझ्यातच विरला.

दार उघडलं ते रुखमानं. सासूसाठी केळं राखून ठेवलं होतं तिनं. देवळात जाऊन आली, विहिरीपाशी पाहिलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, माझ्याकडे आली. दार ओढलं तशी म्हातारी तिच्या अंगावर कलंडली. मग धावाधाव. ओला पदर डोक्यावर, तळपायांना कांदा, तोंडात कैरीचं पन्हं, आणि मग मला पळवत भंडाऱ्याचा दवाखाना. इतकी जोरात मी कधी धावले नव्हते. सेवकराम सारखा आरशातून मागे पाहत होता. सरकतं दार त्यानं लावूच दिलं नाही, सायकलीनं लग्नाला आलेल्या टेकचंदनं ते हातानं धरून ठेवलं होतं.

कौशल्याबाई वाचली. चार दिवसांनी घरी आली, खाटेवर बसून पेज प्याली. सेवकराम तिच्या पायाशी बसला होता. खाट अंगणात, मी अंगणाबाहेर. मला सगळं ऐकू येत होतं.

"माय, एक हाक तं मारायची होती. काहून नाही मारली?"

तिनं पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "मौन होतं ना बापा माझं. कशी मारीन?"

मी चकित झाले. कधी खोटं न बोललेली ती बाई! पण मग समजलं. हाक मारली नाही म्हटलं तर दोष तिच्या मौनाचा. हाक मारली म्हटलं तर दोष त्या काचांचा, त्या कळेचा, त्या जाळीचा. म्हणजे लेकाच्या हातांचा. तिनं तो आपल्या अंगावर ओढून घेतला.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. "जीव चालला होता तरी मौन नाही मोडलं!" ही बातमी मोहल्ल्यातून बाजारात गेली. बाया पाया पडायला येऊ लागल्या. कुणी नारळ आणी, कुणी हळदकुंकू. कौशल्याबाई पाय आत ओढून घ्यायची, मान खाली घालायची. बाया म्हणत, "पाहा किती नम्र!" तिचं जेवण तुटलं. आणि सेवकराम मागावर बसायचा, पण धोटा हातातच राहायचा. एका घरात, एकाच चुलीवरचं खात, दोघं आपापल्या मनात जळत होती, आणि एकमेकांकडे पाहत नव्हती.

एके दुपारी सेवकराम माझ्याकडे आला. आज्ञा केल्यासारखा रुखमाला म्हणाला, "मी आत बसतो. दार लाव. मी हाक देईन तवा उघड."

"पागल झाले का तुमी? ऊन पाहा!"

"लाव म्हणतो ना."

तो आईच्या कोपऱ्यात बसला. दार लागलं. त्यानं मूठ ओढून पाहिली, काच ढकलून पाहिली, जाळीला हात लावला. मग हाक मारली. "रुखमा!" ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती, कोंबड्यांकडे पाहत. तो ओरडला. तिनं मान वळवली नाही. त्याच्या घामाचे थेंब माझ्या सीटवर पडले, आणि त्यांत सगळा घामच नव्हता. शेवटी रुखमानंच घाबरून दार उघडलं. "हाक काहून नाही देल्ली?" तिनं विचारलं.

सेवकराम तडक अंगणात गेला. सोमवार होता तो. कौशल्याबाई माळ घेऊन बसली होती, समोर मंदाबाई आणि आणखी दोघीजणी नारळ घेऊन.

"माय," तो म्हणाला, "तू हाक मारली होती."

कौशल्याबाईनं वर पाहिलं. माळ ओटीत ठेवली. दिवेलागणीला अजून कितीतरी वेळ होता.

"मारली होती रे," ती बोलली. "देवाले नाही मारली. तुले मारली."

सेवकराम खाली बसला आणि त्यानं तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "मीच बंद केलं होतं माय. एकेक करून मीच सारं बंद केलं." "माहीत आहे," ती म्हणाली आणि त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग मंदाबाईकडे वळून म्हणाली, "नारळ घेऊन जा व बाई परत. उगाच पाया पडल्या."

मंदाबाई गोंधळली. "पण मंग देवानंच पाठवलं ना रुखमाले?"

"देव कायचा," रुखमा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "केळं काळं पडून राहिलं होतं म्हणून आली मी." आणि इतक्या दिवसांनी कौशल्याबाई हसली.

त्याच संध्याकाळी सेवकरामनं लांबी कोरून काढली, पेळू उपसले, जाळी उखडली. कळ मात्र गंजून बसली होती. तेल घालून, बोटं सोलवटून घेत त्यानं ती वर आणली. पुढच्या सोमवारी कौशल्याबाई स्वतः येऊन तिच्या कोपऱ्यात बसली. नदीवर पोहोचल्यावर सेवकराम दार उघडायला धावला, तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. आतून मूठ ओढली, दार सरकवलं, आणि पाय खाली टाकण्याआधी रस्ता दोन्हीकडे पाहिला.

धूळ पुन्हा आत येऊ लागली, काचा पुन्हा खडखडू लागल्या. कुणी तक्रार केली की सेवकराम म्हणे, "खडखडू द्या."

आता कौशल्याबाई नाही. माझे सुटे भाग मिळेनात तेव्हा मी या विटांवर बसले. सेवकरामनं मला भंगारात घातलं नाही. दर सोमवारी, मागाचं काम उरकलं की तो तेलाची बाटली घेऊन येतो, माझ्या दाराच्या पट्टीत तेल सोडतो, आईच्या कोपऱ्यात बसतो. मनातला काटा गेलेला नाही, मला कळतं. तो जायचाही नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणासाठी काही दुरुस्त कराल, काही सोय कराल. धूळ येऊ नये म्हणून, कुणी पडू नये म्हणून. जरूर करा. पण ते झाल्यावर एकदा स्वतः आत जाऊन बसा. दार लावून घ्या, आणि बाहेरच्याला हाक मारून पाहा. आणि घरात कुणी गप्प बसणारं माणूस असेल तर पंगत बसण्याआधी त्याला शोधून या.

ऊन कलत आलं. आज सोमवार आहे. सेवकराम आत बसला आहे, दार लावलेलं आहे. आता तो मूठ ओढेल. ऐका, उघडलं.