नववी चिठ्ठी

उत्तरं आठच आली होती आणि पत्रकार नऊ होते. आदल्या संध्याकाळी अधिकारी घाईत म्हणाले, "बाई, नवव्याला साहेबांच्या तब्येतीचं काहीतरी लिहून द्या."

माहिती कार्यालयात बाईंचं काम हेच. मंत्र्यांची उत्तरं वरून टाइप होऊन यायची. त्यांना शोभतील असे प्रश्न बाई तयार करायच्या आणि पत्रकार परिषदेआधी एकेक चिठ्ठी एकेकाच्या हातात ठेवायच्या. अठरा वर्षांत कुणी नाही म्हटलं नव्हतं. पुढच्या वेळचं बोलावणं सगळ्यांनाच हवं असायचं.

या वेळी विषय होता शाळेच्या कोसळलेल्या छपराचा. त्याखाली बाईंची भाची सापडली होती. दुसरीतली पोर, डावा पाय अजून टेकवत नव्हती. बहीण तिला घेऊन बाईंकडेच राहत होती. सकाळी निघताना बाई बहिणीला सांगून आल्या होत्या, टीव्ही लाव, आज विचारतील.

नवव्या चिठ्ठीवर बाईंनी लिहिलं : छप्पर खचलंय, असं मुख्याध्यापकांनी तीनदा कळवलं होतं. तुम्ही काय केलंत?

ती त्यांनी नानांना दिली. नाना सगळ्यांत जुने पत्रकार. तरुणपणी आपण एका मंत्र्याला घाम फोडला होता, हे ते चहा पिताना हटकून सांगत.

आठ प्रश्न झाले. नाना उठले. चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मागे भिंतीशी उभ्या बाई एक पाऊल पुढे सरकल्या.

"साहेब," नाना म्हणाले, "एवढ्या धावपळीत तब्येत कशी सांभाळता?"

मंत्री मनापासून हसले. पाठोपाठ सगळे हसले.

नंतर जिन्यात नानांनी चिठ्ठी बाईंच्या हातात कोंबली. "अहो, दुसऱ्या कुणाच्या हाती पडली असती म्हणजे? तुमची नोकरी गेली असती. मी कुणाला दाखवली नाही हं."

त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती. बाई म्हणाल्या, "उपकार झाले, नाना." आणि आपल्याच तोंडचे ते शब्द ऐकून कठडा धरून उभ्या राहिल्या.

घरी टीव्ही बंद होता. बहीण मुलीच्या काखेत हात घालून तिला खोलीभर चालवत होती. चार पावलं, थांबायचं, पुन्हा चार. दारात बाईंना पाहून ती थांबली. वाटेत जुळवलेलं उत्तर बाईंनी ओठांवर आणलं.

बहिणीनं विचारलं ते एवढंच, "जेवायला वाढू?"