पेपराची गुंडाळी

“तुमच्या हातात काही होतं का त्या वेळी?” अनुष्काने तिसऱ्यांदा विचारलं.

“अहो, किती वेळा सांगू? काही नव्हतं!” कुमारराव वैतागले. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं आणि तो हात त्यांनी मांडीवरच्या उशीवर जपून ठेवला होता. “पेपर होता फक्त. रोज सकाळी मी सुमतीवहिनींकडे पेपर वाचायला येतो. वाचून झाला, गुंडाळला, आणि पंख्याला जळमट लागलंय ते दाखवायला हात वर केला. टेबलाखालून हा आला आणि मनगटच धरलं. सात टाके! रोज माझ्या हातचं बिस्कीट खाणारा कुत्रा हा!”

मी दाराशी बॅग धरून उभा होतो. ‘गुंडाळला’ हे ऐकलं आणि मी बॅग या हातातून त्या हातात घेतली. बादल का चावला ते मला कळलं होतं, आणि माझ्याशिवाय ते कुणाला कळणं शक्यच नव्हतं.

मी काशिराम घरत. पळस्प्याच्या अलीकडे आमचं गाव. तीस वर्षं मी कुत्री शिकवली. पनवेल ते उरण, ज्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी दिसेल तिथे काशिराम जाऊन आलेला असणारच, अशी एकेकाळी माझी वट होती. आता वट गेली आणि गुडघेही गेले. लोक मोबाइलवर शोधून खारघरच्या या पोरीला, अनुष्काला, बोलावतात. हिच्या कमरेला पिशवी, पिशवीत उकडलेल्या चिकनचे तुकडे. कुत्र्याने नुसती मान वळवली तरी कौतुक करायचं आणि तोंडात तुकडा द्यायचा. पहिल्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हटलं होतं, असे लाड केले तर आपला बोकडसुद्धा बी.ए. होईल. पण हिला मोठी कुत्री आवरायला माणूस हवा होता आणि मला काम. वर्ष झालं तिच्याबरोबर फिरतोय. पोरगी कधी आवाज चढवत नाही आणि कुत्री तिचं ऐकतात. हे कबूल करायला मला आठ महिने लागले.

सुमतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

“अगंबाई, काशिराम ना तुम्ही? अनुष्का, अगं, यांनीच तर शिकवलं बादलला! आमचे हे होते तेव्हा. नऊ वर्षं झाली.”

मिशी काढल्यापासून मला फारसं कोणी ओळखत नाही. पण ही बाई शाळेत शिकवायची. चेहरे विसरणाऱ्यातली नाही.

त्यांची अडचण साधी होती आणि भयंकर होती. मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा पुण्याला. घरात बोलायला म्हणाल तर एक बादल. कुमाररावांच्या मुलाने सोसायटीकडे लेखी तक्रार दिली होती, रविवारी संध्याकाळी कमिटीची बैठक होती, आणि सुमतीबाईंच्या मुलाने फोनवर सांगून टाकलं होतं की डॉक्टरांना बोलाव आणि इंजेक्शन देऊन टाक, म्हातारा झालाय, आता माणसं चावायला लागला. आज शनिवार होता.

“कारण सापडलं तर मी कमिटीसमोर उभी राहीन,” अनुष्का म्हणाली. “पण काकू, विनाकारण चावणाऱ्या कुत्र्याची हमी मला देता येणार नाही. खोटं नाही बोलणार मी.”

मग बेडरूमचं दार उघडलं आणि बादल बाहेर आला. तोंड पांढरं झालेलं, मागचा डावा पाय किंचित ओढत चालणारा. दोन पावलं आला आणि त्याला माझा वास आला. तिथेच थिजला. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, सवयीने तोंडातून निघून गेलं, “बस.”

बादल बसला. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरत होते, दुखत असणार, पण पाठ ताठ आणि नजर माझ्या हातावर.

“वा! याला म्हणतात शिकवण!” कुमारराव हात दुखत असूनही ओरडले. सुमतीबाईंचे डोळे भरून आले. “नऊ वर्षांनी हो! विसरला नाही.” आणि लाज वाटते सांगायला, पण माझीही छाती घटकाभर फुगली. मग मी अनुष्काकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. बादलच्या खालून पिवळं पाणी पसरत चाललं होतं आणि तो त्यात तसाच बसला होता. मी ‘ऊठ’ म्हणेपर्यंत तो हलणार नव्हता.

“अरे देवा, घरात कधी करत नाही हो हा,” म्हणत सुमतीबाई फडकं आणायला धावल्या.

“काका,” अनुष्काने हळूच विचारलं, “कसं शिकवलं होतं याला?”

“कसं म्हणजे... आपलं नेहमीचं. पट्टा, बस, ऊठ.”

“आणि चुकला तर?”

“पेपराची गुंडाळी,” मी म्हटलं. “आवाज होतो नुसता. लागत नाय.”

“हो गं, माझ्यासमोरच शिकवायचे,” सुमतीबाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या. “मीपण तेच करते अजून. डब्यात तोंड घातलं की पेपर उचलते, की चालला हा पलंगाखाली कुईकुई करत. इतका नाटकी आहे मेला! जसं काही जिवे मारतेय मी.”

“नुसत्या कागदाला एवढं?” अनुष्का म्हणाली.

“तेच म्हणतोय मी,” कुमारराव म्हणाले. “कागदाला घाबरून कोणी माणूस फाडतं का? डोकं फिरलंय त्याचं.”

मी बॅगेची चेन उघडली, काही नसताना आत शोधाशोध केली आणि पुन्हा लावली.

खरं काय ते आता सांगतो. कळंबोलीला एका सिक्युरिटीवाल्याकडे कुत्री होती, तिथे उदयसिंह नावाचा उस्ताद होता. त्याने मला धंद्याला लावलं. पहिल्याच आठवड्यात त्याने मला पेपर गुंडाळायला शिकवलं. आत हातभर वेताची छडी, वरून पेपराचे चार वेढे, दोन्ही टोकांना रबरबँड. “कागज मालिक के लिए, बेंत कुत्ते के लिए,” असं म्हणून तो हसायचा. मालक व्हरांड्यात बसून बघत असला की हलकी चापट मारायची. मालक आत गेला की खरा हात चालवायचा. पंधरा दिवसांत कुत्र्याला नुसती गुंडाळी दिसली तरी पुरे. मग छडी काढून घ्यायची, रिकामी गुंडाळी मालकाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, घ्या, आता नुसता दाखवा. मालक खूश. काशिरामच्या हातात जादू आहे म्हणायचे. मी कसाई नव्हतो हो. कुत्र्यांना मी घरचा भात नेऊन घालायचो. काम असंच असतं, असं मला वाटायचं, आणि वाटत नसेल तेव्हाही मी ते करायचो.

बादल हट्टी नव्हता. फक्त आनंद झाला की उड्या मारायचा. उड्या बंद करा, एवढंच सुमतीबाईंच्या मिस्टरांचं म्हणणं होतं. एके दिवशी माझा हात जरा जोरात पडला, मागच्या डाव्या पायावर. तो दोन दिवस पाय टेकेना. मी सांगितलं, खेळताना मुरगळला.

त्या शनिवारी रात्री घरी आलो तर बायकोने, गोदूने, भाकरी आणि बोंबलाची चटणी वाढून ठेवली होती. मी नुसता भाकरीचे तुकडे करत बसलो.

“जेवत का नाय?” बायको म्हणाली.

सगळं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “माळ्यावरची ती वेताची छडी? मी विचारलं तवा तुमी बोललात, सापासाठी हाय.”

मी तांब्या उचलून पाणी प्यायलो.

“त्या बाईला सांगितलात का?”

“नाय. काम जाईल गोदू. आन एवढ्या वर्षांची अब्रू हाय.”

“अब्रू!” तिने ताट माझ्यापुढून ओढून घेतलं. “मुक्या जिवाच्या पाठीवर मिळवलीत ती. आन आता त्याला मारायला सुई आणतील, तवा तुमी हितं बसून चटणी खाणार? उद्या जावा तिकडं. नायतर मला पत्ता द्या, मी जाते.”

ती गेली असती. माझी बायको बोलते ते करते.

रविवारी सकाळी मी सोसायटीत गेलो, पण वर गेलोच नाही. वॉचमनकडून निरोप पाठवला आणि सुमतीबाई खाली पार्किंगमधल्या बाकावर आल्या. मी उभ्यानेच सांगितलं. पेपर, छडी, रबरबँड, सगळं. बोलताना शब्द अडखळत होते, पण काही गाळलं नाही.

त्यांनी वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मी त्याला नाटकी म्हणत होते.”

“बाई, तुमच्या हातात नुसता कागद होता. तुमाला काय माहीत?”

“त्याला कुठे माहीत होतं?” त्यांनी पदराने नाक पुसलं. “नऊ वर्षं, काशिराम! पलंगाखाली जाऊन थरथरायचा आणि मी हसायचे. पाहुण्यांना करून दाखवायचे, बघा कसा घाबरतो... आणि तो पाय?”

“तो बी मीच.”

“महिनाभर तेल चोळलं मी त्या पायाला. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात.”

“हो.”

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “हे संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगाल?”

याच गोष्टीची मला भीती होती. मी हो म्हटलं.

संध्याकाळी कमिटीच्या बैठकीसाठी प्लास्टिकच्या वीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. अनुष्काही आली होती, सुमतीबाईंनी तिला फोनवर कळवलं असणार, कारण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी उभा राहिलो आणि सकाळचंच पुन्हा सांगितलं. एक-दोघांनी मोबाइल वर धरले. कुमाररावांचा मुलगा ताडकन उठला. “केस तुमच्यावरच केली पाहिजे!”

“करा,” मी म्हटलं. “पन कुत्र्याला नका मारू. तो चावला नाय. त्याने स्वतःला वाचवला.”

कुमारराव आपल्या बँडेजकडे बघत बसले होते. “म्हणजे मी त्याच्यावर पेपर उगारला, असं वाटलं त्याला?”

“तो टेबलाखाली, भिंतीला लागून होता,” अनुष्का म्हणाली. “काकूंनी पेपर उचलला की त्याला पळायला पलंगाखालची जागा असते. तुम्ही वाटेतच उभे होता. म्हणजे कारण आहे, काका. आणि कारण असलं की त्यावर काम करता येतं. मी महिनाभर रोज येते. तोवर बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधू.”

“बिचारा,” कुमारराव म्हणाले. मग मुलाकडे वळून, “परत घे रे तो अर्ज. मी पेपर माझ्याच घरी वाचीन.”

खुर्च्या उचलल्या जात होत्या तेव्हा अनुष्का माझ्यापाशी आली.

“अशी किती कुत्री, काका?”

“मोजली नाय मी.”

तिने मान हलवली. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. “उद्यापासून मी दुसरं कोणी बघते,” ती म्हणाली आणि स्कूटरकडे गेली. मी थांबवलं नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार?

सुमतीबाई लिफ्टजवळ उभ्या होत्या. मी हात जोडले. “बाई, एक मागणं हाय. एकदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवू द्या. माफी मागतो त्याची.”

“नको.”

“लांबूनच...”

“माफी तुम्हाला हवीय, काशिराम,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “त्याला तुम्ही दिसला नाहीत तरच बरं. पुन्हा वर येऊ नका.”

वर गेलो नाही. शब्द पाळला. पण तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी पाय त्या बाजूला वळलेच. सोसायटीच्या मागच्या बागेत अनुष्का आणि सुमतीबाई बादलला घेऊन आल्या होत्या. मी रस्त्यावर, कुंपणाच्या बाहेर एका गाडीच्या आड उभा राहिलो. अनुष्काने जमिनीवर पेपर पसरून ठेवला होता आणि त्यावर खाऊ टाकला होता. बादल मान लांब करून, मागचे पाय पळण्याच्या तयारीत ठेवून, एकेक तुकडा उचलत होता. तिसऱ्या तुकड्याला त्याने पुढचा पाय कागदावर ठेवला. सुमतीबाईंनी तोंडावर हात ठेवला.

मग तो थांबला. नाक वर करून त्याने हवा हुंगली आणि त्याची शेपूट पायांत गेली. वारा खाडीकडून येत होता, माझ्या पाठीमागून, सरळ त्याच्याकडे. अनुष्का इकडेतिकडे बघायला लागली.

मी वाकून गाडीच्या आडून निघालो, रस्ता ओलांडला आणि अख्ख्या सोसायटीला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत गेलो, जिथे वारा त्याच्या अंगावरून माझ्याकडे येतो. तिथल्या भिंतीपाशी अंधार पडेपर्यंत उभा राहिलो. भिंत उंच होती. तिथून बादल दिसत नव्हता.