तेइशेबाईनीचा किल्ला

"आणि हे काय आहे?" दोघा टायवाल्यांतल्या उंच माणसाने आमच्या बॅकयार्डातल्या मातीच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"किल्ला," हे म्हणाले. "दिवाळीचा. आमच्याकडे मुलं करतात."

मुलं करतात म्हणे. आमची दीपा बापडी एका कोपऱ्यात हळीव पेरत होती. किल्ला करत होते तिचे बाबा, कोपरापर्यंत चिखलात. चँडलर गावची वाळवंटी माती इतकी कडक की आदल्या दिवसापासून पाइप सोडून ठेवला होता.

उंच माणसाने खिशातून एक कागद काढला. ह्यांनीच काढलेला नकाशा. तटबंदी, दरवाजे, कोठारांच्या रांगा, आणि जिथे तिथे रशियन अक्षरं. ऑफिसच्या झेरॉक्सवर मोठा करून घेऊ म्हणून ह्यांनी तो डब्याच्या पिशवीत टाकला आणि गेटवर नेमका सापडला. कंपनीत मिलिटरीसाठी चिप्स बनतात. गार्डने तिथल्या तिथे ह्यांचा बॅज काढून घेतला. तेव्हापासून हे घरी. नोकरी राहणार की जाणार, ते आता चौकशीला आलेल्या ह्या दोन टायवाल्यांच्या हातात होतं. आम्हाला सिटिझनशिप मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि रशियाचा डाग लागलेल्या माणसाला ह्या देशात दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

सगळं त्या उरार्तूपायी. अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं राज्य, कधीच मातीत गेलेलं. मेनुआ, अर्गिश्ती, सार्दुरी, रुसा, ही नावं मला सासरच्या गोतावळ्याआधी पाठ झाली. डोंगर दिसला की त्यावर किल्ला बांधायचा, अगदी आपल्यासारखी माणसं, असं ह्यांचं म्हणणं. त्यांतले काही किल्ले तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या आर्मेनियात, म्हणून पुस्तकं रशियन. आणि हे पवईला शिकले, तिथे तेव्हा रशियन प्रोफेसर होते, म्हणून भाषा येते. तेइशेबाईनी हा रुसा राजाचा किल्ला. नाव ऐकून मला आधी कुणी बाईच वाटली होती.

"ह्या खोल्या कसल्या?" टायवाल्याने विचारलं.

झालं. ह्यांना तेवढंच हवं असतं. "कोठारं. जमिनीत हे एवढे रांजण पुरलेले, वाइनचे. एका हल्ल्यात सगळं जळून गेलं."

"कोणी जाळलं?"

"ते नक्की माहीत नाही."

"माहीत नाही?"

"कुणालाच माहीत नाही," हे म्हणाले, आणि त्या माणसाने नकाशावरून नजर उचलून ह्यांच्याकडे पाहिलं.

मग तो नकाशा हातात धरून किल्ल्याभोवती फिरला. एकेक खोली ताडून पाहिली. दरवाजात पहाऱ्याला प्लॅस्टिकचा काउबॉय होता आणि शेजारी दीपाने आइस्क्रीमच्या काडीवर इंग्रजीत किल्ल्याचं नाव लिहून खोचलं होतं. ते वाचून तो जरासा हसला. "पुस्तकं मात्र मागवू नका," एवढं तो जाताना सांगून गेला. सोमवारी बॅज परत मिळाला.

हे खूश. मी नाही.

"इतक्या वर्षांत कुणी तुमची पिशवी उघडली होती?" मी विचारलं.

"अगं, रँडम चेकिंग असतं."

"त्या दिवशी ऑफिसला जाताना गाडीत गुरुदत्त होता ना? नकाशा दाखवलात त्याला?"

"त्याने विचारलं म्हणून दाखवला."

"प्रमोशन एक आणि माणसं दोन, तुम्ही आणि तो. बघा विचार करून."

"उत्तरा, पाच वर्षं एका गाडीतून जातोय आम्ही," हे म्हणाले. पण नेहमीसारखं मला वेड्यात काढलं नाही.

फराळाला गुरुदत्त आला. येणारच होता, आमंत्रण आधीच गेलेलं. "वहिनी, चकली फर्स्ट क्लास," म्हणाला. मी त्याचे डोळे बघत होते. डोळ्यांत काय दिसणार कपाळ! हसरा, गोल चेहरा, दरवर्षीचाच.

हळीव छान उगवलं होतं. चहाचे कप घेऊन सगळे बाहेर आलो. किल्ल्याच्या नावाची दीपाची काडी मला कुठे दिसेना.

"वा, पुरुषोत्तम," गुरुदत्त म्हणाला, "कुठला यार हा किल्ला?"

हा प्रश्न ह्यांना कुणी विचारला की चहा गार होणार हे ठरलेलं. रुसा येतो, रांजण येतात, पाहुणा जांभया देतो आणि मी दुसरा चहा टाकते. ह्या राजांना मी जन्मभर शिव्या घातल्या. त्या दिवशी मात्र मी वाट बघत उभी राहिले. बोला की एकदा, असं मनात म्हणत होते.

ह्यांनी गुरुदत्तकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"रायगड," हे म्हणाले.

"बट बाबा, इट्स नॉट..."

ह्यांनी ताटलीतला अनारसा उचलून दीपाच्या हातात दिला. "रायगडच आहे, बेटा."

"छान जमलाय," गुरुदत्त म्हणाला. "अगदी हुबेहूब."

नकाशाचं गेटवर त्यानेच सांगितलं होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. दोघं किल्ल्यासमोर शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांनीही चहा गरम गरमच संपवला.