चिट्टीधारेवरची पहिली रेघ

माघातली सकाळ उजाडली खरी, पण नावालाच. सूर्य नव्हता. राखेच्या रंगाचं आभाळ खाली, फार खाली उतरून देवदारांच्या शेंड्यांवर टेकलं होतं, आणि त्या म्लान, मेघभारल्या उजेडात चिट्टीधार, गावावरचा तो लांब उतार, पसरली होती; हिमधवल, मौनगंभीर, पदचिन्हहीन. माथ्यावरच्या काळ्या कड्यापासून पायथ्याच्या गोठ्यांपर्यंत एक ओरखडा नव्हता. धार कोरी होती.

हिवाळ्याच्या ऐन भरात कोरी! बनोली गावानं असं कधी पाहिलं नव्हतं. एरवी पहिला बर्फ पडला की दुसऱ्या सकाळी पोरं, पाहुणे, शिकाऊ आणि उगाच आव आणणारे असे सगळे स्की खांद्यावर टाकून निघायचे, आणि तो शुभ्र, सलग, सुकुमार पट संध्याकाळपर्यंत रेघोट्यांनी भरून जायचा. लोखंडी दोराची जुनी लिफ्ट दिवसभर कुरकुरायची. चहाच्या टपरीवरची किटली चुलीवरून उतरायची नाही. यंदा कार्तिक सरताना पहिला बर्फ आला, मार्गशीर्षात उतार भरला, पौषात छपरं वाकली, आणि तरी धार कोरीच राहिली. कारण मृदुला गप्प होती.

गावाची रीत जुनी आहे. स्कीच्या आधीची, लाकडी फळ्यांवरून घसरत येणाऱ्या खापरपणज्यांची. ज्या घरचं माणूस धारेनं नेलं, त्या घरानं पुढच्या हिवाळ्यात धारेवर पहिली रेघ काढायची. माथ्यावरून निघायचं, ते माणूस जिथं सापडलं तिथं थांबायचं, एकदाच त्याचं नाव घ्यायचं, आणि मग मागं न बघता पायथा गाठायचा. त्यानंतर धार गावाची. त्याआधी कुणाची नाही. आणि त्या घराला कुणी विचारायचं नाही, आठवण द्यायची नाही, दारावरून जाताना आवाजसुद्धा चढवायचा नाही. लिफ्ट गंजली तर गंजू द्यायची.

गेल्या फाल्गुनात धारेनं नेला तो मृदुलेचा कौस्तुभ. एकुलता. दुपारी धुकं उतरलं, दाट, दुधट, दिशाभूल करणारं. त्या धुक्यात तो वरून निघाला आणि वाकड्या शेंड्याच्या देवदारापाशी थांबला तो कायमचा. त्याला शोधायला बाप धावला. त्याच धुक्यात घसरून त्याचा गुडघा असा मोडला की पुन्हा स्कीवर उभं राहणं संपलं. घरात उरली ती दोनच माणसं, आणि रेघ काढायला त्यांतलं एकच.

मृदुला मूळची सांगलीची. कृष्णाकाठच्या उन्हात, हळदीच्या वासात वाढलेली. नवरा विश्राम तरुणपणी डोंगर चढायला म्हणून इकडं आला, आणि कुणी एखाद्या मुलीच्या मागं लागावं तसा या उताराच्या मागं लागून इथंच राहिला. लोकांना स्की शिकवू लागला. लग्न होऊन मृदुला आली तेव्हा तिच्याजवळ स्वेटर एकच होता, आणि तोही शोभेचा. प्रत्येक हिवाळ्यात ती म्हणायची, पुढच्या वर्षी मी राहायची नाही बाई. प्रत्येक हिवाळ्यात राहायची.

स्कीची तिला भीती वाटे. कौस्तुभनंच तिला गोठ्यांजवळच्या सपाटीवर जेमतेम उभं केलं होतं. "आई, नांगर धर. टोकं जवळ, टाचा लांब. आणि डोंगराकडं बघू नकोस, जायचंय तिकडं बघ." ती पोक काढून, किंचाळत, दोन म्हशींच्या मधून खाली यायची आणि तो हसून हसून बर्फात लोळायचा. तिची नांगरट बघून म्हशी माना वळवायच्या. ते हसू तिच्या कानांत अजून होतं, आणि ते जपण्यापलीकडं तिला या जगात दुसरं काही करायचं नव्हतं.

धार कोरी ठेवण्यामागं तिचं म्हणणं साधं होतं. तिच्यावरून शेवटचा उतरला तो कौस्तुभ. जोवर ती कोरी आहे, तोवर त्याच्यानंतर कुणी नाही. त्याची रेघ चैत्रात विरघळली, वैशाखात तिथं गवत आलं, मेंढ्या चरून गेल्या, आणि हा सगळा बर्फ नवा, हे तिलाही कळत होतं. पण ते आईला समजावायला कुणी जाऊ नये.

नवऱ्याशी तिचं बोलणं होतं, पण मीठमिरचीपुरतं. पोराला नीट चालता येईना तेव्हा तुम्ही त्याच्या पायांत स्की बांधल्यात, असं ती तेराव्याच्या दिवशी सगळ्यांदेखत बोलून गेली होती. तो शब्द मग घरातच राहिला, भिंतीत ओल राहते तसा.

विश्राम मात्र दर रविवारी पोराच्या स्की खाली काढायचा. भिंतीला टेकवून पुसायचा, मेण लावायचा, मेणावरून गरम इस्त्री फिरवायचा. वर्षभर, भर पावसाळ्यातसुद्धा. त्या मेणाचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा आणि मृदुला फोडणीत जरा जास्तच मोहरी टाकायची.

आजही इस्त्री फिरत होती. मृदुला खिडकीशी उभी होती. समोर धार, कोरी, करुण, काचेसारखी थंड. आणि तिच्या पलीकडं, जिकडं बघायचं कुणाला कारण नसतं, त्या काळ्या नाळेत तिला ठिपके हलताना दिसले.

काळी नाळ म्हणजे दोन कड्यांच्या बेचक्यातली खोल, कराल, कृष्णच्छाय घळ. दोन्ही अंगांनी तिच्यावर बर्फाचे सज्जे लोंबतात आणि मनात येईल तेव्हा कोसळतात. तिथं मेंढपाळही शीळ घालत नाही. त्या घळीतून, खांद्यावर स्की घेऊन, गावची पोरं एकामागं एक चढत होती. सगळ्यांत पुढं एक लाल टोपी होती. ती टोपी मृदुलेनं स्वतः विणली होती, दोलमासाठी. कौस्तुभबरोबर वाढलेली, याच स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून पिठलं-भाकरी खात मराठी शिकलेली ती पोरगी.

"अहो, काळ्या नाळेत पोरं चढतायत."

"हं."

"दोलमा आहे त्यांत."

"असेल."

"तुम्ही अडवलं नाहीत?"

इस्त्री थांबली. विश्रामनं मान वर केली नाही. "काय सांगून अडवू? हिवाळा आहे, बर्फ आहे, पाय आहेत. धारेवर त्यांना जायचं नाही. मग जातील कुठं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आणि त्यामुळंच तो शब्द तिला वर्मी लागला. म्हणजे आपण एका पोराची आठवण राखत बसलो, आणि त्या राखणीपायी दुसरीच्या आईला आज संध्याकाळी कुणीतरी दारातून हाक मारणार! अशी हाक कशी येते, हे गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"त्याच्या स्की द्या," ती म्हणाली. "मी जाते वर."

विश्रामनं इस्त्री बाजूला ठेवली. मग त्यानं तिचे छोटे बूट आणले, पोराच्या स्कीवर ठेवून पाहिले आणि पेचकस उचलला. स्कीवरची पकड ज्याच्या त्याच्या बुटाच्या मापानं बसवलेली असते. आईचा बूट बसायचा तर ती सरकवायला हवी. पेचकस खाचेत बसला. पण फिरेना. स्क्रू घट्ट नव्हता. त्याचा हात फिरत नव्हता.

एकदा का ती पकड सरकली की कौस्तुभच्या पावलाचं माप त्या स्कीवरून पुसलं जाणार होतं. कपडे कधीच वाटून झाले होते. उरलं होतं ते स्की, बूट आणि मोजे, एवढंच.

"माप हलवू नका," मृदुला हळूच म्हणाली. "मी त्याचेच बूट घालते."

दुसऱ्याचे बूट घालून बर्फावर जाऊ नये, हे विश्राम जन्मभर पाहुण्यांना ओरडून ओरडून सांगत आला होता. आज तो स्वतःच उठला. त्यानं बूट काढले. तिनं पोरासाठी विणलेले लोकरी मोजे स्वतःच्या पायांत चढवले, एकावर एक, जेवढे मावतील तेवढे. तो मोडका पाय लांब पसरून जमिनीवर बसला आणि एकेक खटका आवळत गेला. तरीही पुढं, बोटांपाशी, एक पोकळी राहिली. तिला ती जाणवत होती. तिच्या बोटांच्या पुढं, अंधारी, गार, लेकाच्या बोटांएवढी.

लिफ्टवरच्या ठाकुरदासनं दोघांना येताना पाहिलं आणि हातातली विडी विझवली. "बहनजी, मशीन चला दी है," एवढंच म्हणाला. लोखंडी दोर कण्हला, कुरकुरला, गंज झटकत फिरू लागला. तो आवाज दरीभर गेला. गावात दारं उघडली. आणि पलीकडं, काळ्या नाळेत, लाल टोपी थांबली. मग मागचे ठिपके थांबले. मग ते सगळे हळूहळू खाली वळले.

माथ्यावर वारा होता. हाडांत शिरणारा, हिमकण उडवणारा, हलकट वारा. विश्राम तळाशी राहिला होता आणि ती एकटी होती. पायांखाली ती अस्पर्श, अथांग, अश्रूंसारखी स्वच्छ शुभ्रता. आणि तिच्यावर पहिला घाव आपण घालायचा. तिला भीती वाटली, उताराची नव्हे, घावाची. तिनं टोकं जवळ आणली, टाचा लांब केल्या. आणि बर्फ करकरला.

रेघ कसली, नांगरटच ती. कौस्तुभ उतरायचा तेव्हा मागं एकच बारीक, लवलवती, लयदार ओळ उमटायची. मृदुलेच्या मागं उमटत होता रुंद, वेडावाकडा, ओबडधोबड तास. शेतात पहिल्यांदा जुंपलेल्या खोंडानं ओढावा तसा. मध्येच ती पडली. कुल्ल्यावर सपशेल पडली. बुटातल्या पोकळीत पाय हिंदकळला, एक स्की सुटून बाजूला गेली. पडल्यावर काय करायचं, हे रीत सांगत नाही. ती रांगत गेली, स्की ओढून आणली, पाय पुन्हा पकडीत दाबला. खट. पकड बसली, तशीच्या तशी, त्याच्या मापाची.

वाकड्या शेंड्याच्या देवदारापाशी ती थांबली. झाड उभं होतं, श्यामल, शांत, जणू काही झालंच नाही. तिला त्याचा राग आला. मग तोही ओसरला. तिनं ओठ ओले केले आणि वर्षभर जे नाव घरात कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं ते घेतलं.

"कौस्तुभ!"

धुकं नव्हतं, वारा पडला होता, आणि तरी कुठून प्रतिध्वनी आला नाही. बर्फानं नाव पिऊन टाकलं. आता मागं न बघता निघायचं होतं आणि तिचा पाय निघेना. इथं बसावं. या बुंध्याला पाठ लावून, याच बर्फात, संध्याकाळ होईतो बसून राहावं; थंडी बाकीचं बघून घेईल. तिला ते मनापासून हवंसं वाटलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिनं बुटातली बोटं पुढं ताणली, त्या गार पोकळीत, जिथं कुणी नव्हतं. डोंगराकडं बघू नकोस. जायचंय तिकडं बघ. तिनं खाली पाहिलं. पायथ्याला माणसं गोळा झाली होती, काळी, लहान, निश्चल. आणि त्यांत एक लाल ठिपका होता.

नांगर धरून ती निघाली.

पायथ्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुरुषांनी टोप्या उतरवल्या होत्या. बायका पदराआड रडत होत्या. मृदुला सरळ दोलमापाशी गेली आणि तिनं तिचा कान धरला.

"पुन्हा त्या नाळेत दिसलीस तर तंगडं मोडीन."

"नाही जाणार, काकू," दोलमा म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली. मृदुलेला रडू आलं नाही. तिनं पोरीची टोपी नीट केली, कानांवर ओढली. "जा आता. धार तुमची आहे," ती म्हणाली, आणि विश्रामच्या खांद्याचा आधार घेऊन घराकडं चालू लागली. तो लंगडत होता, ती अडखळत होती. मागं लिफ्टचा दोर कुरकुरत राहिला.

घरात बुखारी, ती पत्र्याची उंच शेगडी, पेटली होती. विश्राम पुन्हा पाय पसरून जमिनीवर बसला, एकेक खटका सोडत गेला आणि बूट ओढून त्यानं बाजूला ठेवले. तिची पावलं त्यानं मांडीवर घेतली, चोळू लागला. त्याच्या पांढऱ्या झालेल्या टाळूकडं मृदुलेनं पाहिलं.

"तुम्ही त्याला नीट शिकवलं होतं," ती म्हणाली. "म्हणून त्यानं मला नीट शिकवलं."

त्याचे हात थांबले. तो तिच्या पावलांवर कपाळ टेकून रडला, मोठ्यानं, धुक्यातला तो दिवस धरून पहिल्यांदाच. तिनं त्याला रडू दिलं.

बाहेर धार भरत होती. तिच्या त्या रुंद नांगरटीवरून, आजूबाजूनं, आडव्यातिडव्या रेघा उमटत होत्या, बारीक, वेगवान, तरण्या. आणि त्या सगळ्यांत आईची रेघ कोणती, हे आता तिलाही सांगता आलं नसतं. दुपार कलली. राखाडी आभाळ आणखी खाली आलं, आणि संथ, सघन, समदर्शी असा बर्फ पडू लागला.

मृदुलेनं हात लांब करून एक बूट जवळ ओढला. आत हात घातला. पुढं, बोटांपाशी, गारच होतं. पण टाचेपाशी, अस्तराच्या ओलसर अंधारात, ऊब होती. तिच्याच पायाची, पण त्याच्या बुटात. वर्षानंतर त्याच्या बुटात ऊब होती. ती हात तसाच ठेवून बसली. बाहेर रेघा बुजत गेल्या. ऊब कमी झाली, ती बसली. ऊब सरली, तरी बसली.