ठणठणीत मासे

मी कपडे सैल करून देते. घट्ट करायचं कामही येतं, पण गल्लीतल्या बायकांना माझी खरी आठवण होते ती दिवस गेले की. "कमरेतून जरा सोड ना गं," म्हणतात आणि वर लाजतातही. मी शिवण उसवते, आत दाबलेलं कापड मोकळं करते आणि म्हणते, "पुढच्या महिन्यात परत यावं लागणार बघ." हसायचं कसं ते मला आता चांगलं जमतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या स्वतःच्या कपड्यांवर काही ही वेळ आली नाही.

तपासण्या झाल्या. सगळ्या माझ्याच. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, पोटात औषध सोडून फोटो काढले तेव्हा मी ओठ चावून पडले होते. गोळ्यांनी तोंड सुजलं. एवढं सगळं झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यात काही दोष नाही. आता मिस्टरांना पाठवा. त्यांची तपासणी अगदी सोपी असते, सुईसुद्धा टोचत नाहीत." मग सहज विचारलं, "काय करतात ते?"

मी सांगितलं. नदीकाठी कारखाना आहे, साबणाच्या पावडरीत घालायची रसायनं बनवतात. तिथलं सांडपाणी साफ करून नदीत सोडतात, त्या विभागात माझा नवरा. दिवसभर टाक्यांवर उभा. नाकात वाफ, हात कायम ओले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काही रसायनं विषासारखी मारत नाहीत हो. ती शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतात आणि शरीर फसतं. पुरुषाच्या अंगात बाईचा हार्मोन वाढावा तसं होतं. यांचं तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण तपासायला हवं."

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं, तर काय भडका उडाला! "मला काय धाड भरलीय?" नवरा ओरडला. "त्या पाण्यात मासे जगतात, मासे! त्यांना काही होत नाही आणि मला होणार?"

हे माशांचं प्रकरण मला तोंडपाठ होतं. साफ झालेलं पाणी जिथून नदीत पडतं, तिथे कारखान्याने एक मोठी काचेची टाकी ठेवलीय. तेच पाणी तिच्यातून खेळवतात आणि त्यात गप्पी मासे सोडलेत. पाहुणे आले, तपासणीवाले आले, की त्यांना तिथे आणायचं आणि माझ्या नवऱ्याने म्हणायचं, "मासे जगतात, म्हणजे पाणी स्वच्छ." मग सगळे माना डोलावतात. त्याला तिथे मासेवालेच म्हणतात आणि त्याला ते आवडतं. आयुष्यात दुसरं कुणी त्याचं बोलणं इतकं कान देऊन ऐकलेलं नाही, माझ्यासकट.

सासूबाई आतून म्हणाल्या, "माझ्या पोराला कशाला नाचवतेस दवाखान्यात? आमच्या घराण्यात असलं काही नाही." भांडायलाही अंगात बळ लागतं आणि माझं सगळं त्या गोळ्यांनी खाल्लं होतं. अधूनमधून नुसतं विचारायची, "जाशील का रे एकदा?" तो म्हणायचा, "बघू." हे बघू ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मग कारखान्याने घरच्यांना बोलावलं. वर्षातून एकदा बोलावतात. बिस्किटं देतात, टोप्या देतात, सगळीकडे फिरवतात. दरवर्षी मी काहीतरी निमित्त काढून टाळायची, या वेळी नवरा मागेच लागला म्हणून गेले. टाकीपाशी नेऊन तो अगदी पाहुण्यांना दाखवतात तसा उभा राहिला. "बघ," म्हणाला, "आणल्यापासून एक मेला नाही."

मासे छान होते, खोटं कशाला बोलू. गुबगुबीत, चपळ. पण मी बघतच राहिले. लहानपणी मावशीच्या हौदात गप्पी मासे असायचे, डासांसाठी सोडलेले. नर एवढेसे, पण शेपट्या काय रंगीत! नारिंगी, निळ्या, ठिपक्यांच्या. माद्या मात्र मळकट, पोटं सुटलेल्या. आणि पिल्लं? बरण्या भरभरून शेजाऱ्यांना वाटली तरी हौद वळवळतच असायचा. मावशी वैतागायची.

या टाकीत सगळे एकजात मळकट होते. कपड्यांचं काम माझं रोजचं आहे, विटलेलं कापड मी लांबून ओळखते.

"यांच्यात नर कुठले रे?" मी विचारलं.

"असतील की. आणले तेव्हा बरेच रंगीत होते. मग रंग उतरला. खाद्यामुळे असेल."

"आणि पिल्लं?"

"पिल्लं नाही होत," तो पाहुण्यांसाठी राखलेल्या आवाजात म्हणाला. "बरंच आहे, गर्दी नको."

"गप्पीला पिल्लं होत नाहीत? अरे, गप्पीला?"

"मोठे मासे खात असतील," तो म्हणाला. पण मान टाकीकडे वळवली आणि एकेक मासा निरखू लागला. मी ताणून धरलं नाही. टोपी घेतली, घरी आलो.

रविवारी तो कुठे जातो ते न सांगताच बाहेर पडला आणि माझ्या मावशीकडून गप्पींची बरणी घेऊन आला. तिच्यात नुसते नर, एकाहून एक रंगीत. दुसऱ्या दिवशी बरणी कारखान्यात गेली, टाकीत रिकामी झाली. मग रोज जेवताना, मी न विचारताच, एखादं वाक्य यायचं. "नारिंगी मजेत आहे." "निळ्याने आज खूप खाल्लं." पुढे पुढे म्हणाला, "नारिंगी जरा फिका वाटतो, पण काच मळली असेल." मग काच पुसली. मग माशांबद्दल बोलणंच थांबलं. सासूबाई म्हणाल्या, "याचं जेवण का कमी झालंय?"

एका संध्याकाळी मी मशीनवर होते, समोरच्या घरातल्या सुनेचा गाऊन सैल करत होते. तो दारात येऊन उभा राहिला, चपला पायातच.

"रंग गेला," म्हणाला. "सगळ्यांचा."

मी मशीन थांबवलं. "साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, मरत तर नाहीत ना? मग दुकानातून नवे रंगीत आणून सोड." तो माझ्या हातातल्या गाऊनकडे बघत राहिला. "ती डॉक्टर कधी असते?"

इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते. तो आला तेव्हा मला नुसतं रडू आलं.

तपासणी खरंच सोपी होती. रिपोर्ट वाचून बाईंनी चष्मा काढला. बीज फार कमी होतं, जे होतं त्यात जोर नव्हता. "कशामुळे ते छातीठोक सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण जमलं तर काम बदला, त्या पाण्यापासून लांब राहा. काही महिन्यांनी परत बघू. आणि घाबरू नका हो, बाकी तुम्ही अगदी ठणठणीत आहात."

"हो," नवरा म्हणाला. "मासेही ठणठणीत आहेत."

बाईंना काही कळलं नाही, त्या हसल्या. मी त्याचा हात धरला. खरं सांगते, दोष माझा निघू नये म्हणून मी किती तळमळले होते. नाही निघाला. आणि मला त्याचा तिळभर आनंद झाला नाही.

घरी आलो तर सासूबाई दारातच. मला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात विचारलं, "काय म्हणाली? हिचंच ना?"

"नाही, आई. माझं आहे. यापुढे तिला कुणी काही बोलायचं नाही."

काय करावं ते न सुचून त्या आत गेल्या आणि पेला भरून आणला. "पाणी घे आधी. दमलायस."

त्याने पेला घेतला आणि उजेडात धरला. नितळ होतं, अगदी काचेसारखं. आमच्या नळाला नदीचं पाणी येतं, कारखान्याच्या खालच्या अंगाला उपसतात ते. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

मग तो प्यायला. तहान लागली होती, आणि घरात दुसरं पाणी नव्हतं.