आंबेहळदीचं पोटीस

आंघोळीच्या वेळी छातीत हाताला गाठ लागली, बोराएवढी. माझी धाकटी बहीण विनिता असल्याच गाठीनं गेली. लपवली बाईनं, पार शेवटापर्यंत. तो राग अजून माझ्या डोक्यात आहे. मग मी तरी कुणाला सांगितलं का? छे! आमच्याकडे गळू झालं की आंबेहळदीचं गरम पोटीस बांधतात, चार दिवसांत फुटून मोकळं. मीही गुपचूप बांधलं. गोविंदराव, म्हणजे आमचे हे, विचारायचे, "हिरकणी, वास कसला गं?" मी म्हणायची, "लोणच्याचा."

गाठ कसली फुटतेय! सतरा सालच्या दिवाळीला विनिताची सोनल आली. ती चिंचणीला दिलीय. वाळत घातलेले माझे पिवळे ब्लाउज बघून तिला संशय आला, आणि खरं कळल्यावर तिनं जे तोंड सोडलं, बाप रे! "आईसारखंच करणार का मावशी तू?" दुसऱ्या दिवशी हात धरून मला डहाणूला दवाखान्यात नेलं.

"सुई टोचली की पसरतं म्हणतात," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं.

"कोण म्हणतं? सुईनं थोड्या पेशी काढायच्या आणि काचेवर घेऊन मोठ्या करून बघायच्या. बिघाड सुरू होत असेल तर लवकर कळतो."

आधी नर्सबाई हळदच पुसत बसली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

आठवड्यानं रिपोर्ट घ्यायला गेलो. "कॅन्सर दिसत नाही," बाई म्हणाल्या, "पण काही पेशी बदलायला लागल्यात. पुढे धोका नको म्हणून गाठ काढून तपासू, मग दर सहा महिन्यांनी यायचं. वेळेत आलात."

मला रडूच फुटलं. आनंदानं, आणि विनितासाठीही. तिला असं कुणी ओढून आणलंच नाही.

"घरात आणखी कुणाला होतं?" बाईंनी विचारलं.

"हिच्या आईला."

बाई सोनलकडे वळल्या. "मग तुम्ही कधी तपासून घेतलंत?"

सोनल खाली मान घालून चपलेशी चाळा करत बसली. "मला भीती वाटते, मावशी."

"वा गं शहाणे! मला झाप झाप झापलंस, आणि स्वतः? ऊठ आधी!"

आत तिचा हात मीच धरून बसले. गार पडला होता पोरीचा. बाईंनी तपासून सांगितलं, "काही लागत नाही हाताला. पण दर वर्षी यायचं."

"दोघी बरोबरच येऊ," मी म्हटलं. "म्हणजे कुणी कुणाला फसवायला नको."